पुढं ड्रम हाईत का डिस्क?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला राहणारे ४१ वर्षांचे वाचक. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, एका बाजूला २२ मैल, आणि त्यातले दोन दिवस मुलीला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे. दारात २०१९ ची टोयोटा कॅम्री आहे. कर्ज फिटलेलं, आजवर एकदाही बंद पडलेली नाही. पत्नीची गाडी वेगळी. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे त्यांनी १९७१ चा फोर्ड एफ-१०० पिकअप पाहिला: सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, सहा वर्षं शेडमध्ये उभा. मालक ११ हजार डॉलर मागतोय. कॅम्रीचे १५ हजार येतील, उरलेल्या चार हजारांत दुरुस्ती करायची आणि यापुढे रोज हाच ट्रक चालवायचा, असा बेत आहे.

ते लिहितात: “कॅम्री दारात राहिली तर मी रोज सकाळी तिचीच किल्ली उचलणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून ती विकायचीच. दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, गाडीत बसलो की तिथेही स्क्रीन. मला हाताला कळेल असं काहीतरी हवंय. जुन्या गाड्यांचं लोखंड दणकट, इंजिन साधं, घरच्या घरी दुरुस्त होणारं. बायको म्हणते, हे चाळिशीतलं खूळ आहे. बाबांचं इस्लामपूरला गॅरेज होतं, २०१८ मध्ये त्यांनी ते बंद केलं. मी कधी तिथे पाना हातात धरला नाही. त्यांना ट्रकचा फोटो पाठवला तर कौतुक नाही की रागावणं नाही. एवढंच विचारलं, ‘पुढं ड्रम हाईत का डिस्क?’ मी काही उत्तर दिलं नाही. मी चूक करतोय का?”

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बाबांच्या प्रश्नापाशी थांबले. तुम्हाला तो कोरडा वाटला असावा, नाहीतर तुम्ही उत्तर दिलं असतंत. मला मात्र वाटतं की या सगळ्या व्यवहारात तुमच्याबद्दलची खरी काळजी त्या एका प्रश्नात आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक केले, तो माणूस मुलगा रोज हमरस्त्यावर काय घेऊन जाणार आहे हे ऐकल्यावर दुसरं काय विचारणार?

उत्तर असं आहे: १९७१ च्या एफ-१०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबून थांबवणारे. डिस्क ब्रेक उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. मधल्या काळात कुणी बदलले नसतील, तर तुमच्या ट्रकलाही ते असणार. फोर्डने या गाडीला पुढे डिस्क दिल्या त्या १९७३ च्या मॉडेलपासून. शेव्हरोलेच्या सी-१० या पिकअपला त्या १९७१ पासून मिळाल्या. ड्रम वाईट नसतात, पण तापले की पकड सोडतात, पाण्यातून गेले की थोडा वेळ गुळगुळीत होतात, आणि चारातला एक जरी कमी-जास्त ताणलेला असेल तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. रिकामा हौदा असलेल्या पिकअपचं मागचं वजन कमी, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी घसरतात. आय-३५ हमरस्त्यावर पुढची नवी गाडी जेवढ्या जागेत थांबेल तेवढ्यात तुम्ही थांबणार नाही. हे लक्षात ठेवून चालवता येतं. पण रोज, साडेसातच्या गर्दीत, मागे मुलीची बडबड चालू असताना लक्षात ठेवावं लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही बारा वर्षं ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहिलो, आणि २००६ च्या डिसेंबरात नवऱ्याने १९७२ चा सी-१० घेतला. डिसेंबरात घेतला, हे सांगायला हवं. टेक्सासच्या थंडीत कुठलीही जुनी गाडी शहाण्यासारखी वागते. आमच्या घरातली दुसरी गाडी म्हणून तो रोज चालू लागला. पेट्रोल पंपावर म्हातारी माणसं येऊन बॉनेटवर हात ठेवायची, त्यांच्या वडिलांच्या ट्रकची गोष्ट सांगायची. परक्या देशात पहिल्यांदाच मला वाटलं की लोक आपण होऊन आपल्याशी बोलतायत. त्या गाडीने आम्हाला शेजार मिळवून दिला. म्हणून तुमची ओढ मला समजते, आणि तिला खूळ म्हणायला मी तयार नाही.

मग ऑगस्ट आला. एका दुपारी लेकाच्या शाळेतून फोन आला, ताप चढलाय, घेऊन जा. त्या दिवशी ट्रक माझ्याकडे होता. वाटेत औषध घ्यायला दहा मिनिटं थांबले आणि परत येऊन किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं गरगरत राहिलं. बाहेर ३८ अंश. तापलेल्या इंजिनावर बसलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, नळीत वाफ साठते आणि साध्या पंपाला ती ओढता येत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्याने हा त्रास वाढतो. बॉनेट उघडून वाट पाहणं एवढंच हातात असतं. मी चाळीस मिनिटं वाट पाहिली. शाळेत पोचले तेव्हा लेक ऑफिसातल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपला होता.

त्या रात्री मला त्या ट्रकचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघवेना. त्याचा काहीच दोष नव्हता. पस्तीस वर्षांचं इंजिन तशा उन्हात जसं वागतं तसंच ते वागलं होतं. चुकलं होतं ते आम्ही त्याच्यावर टाकलेलं काम. महिन्याभरात आम्ही एक वापरलेली छोटी गाडी घेतली. ट्रक विकला नाही. तो पुढे नऊ वर्षं आमच्याकडे होता, त्या काळात तो अनेकदा बंद पडला, आणि मी त्याच्यावर पुन्हा कधी चिडले नाही.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील. रोजची गाडी म्हणजे जिला आजारी पडायची सवलत नाही अशी गाडी. आणि पन्नास वर्षांच्या गाडीला ती सवलत द्यावीच लागते. एखादा सुटा भाग यायला चार दिवस लागतात. शनिवारी उघडलेलं काम रविवारी संध्याकाळी संपत नाही, कारण गंजलेला बोल्ट तुटतो आणि मग तो बोल्ट काढणं हेच एक काम होऊन बसतं. तुम्हाला हाताला कळेल असं काहीतरी हवंय ना? ते याच वेळेत मिळतं: अर्धवट उघडलेल्या कामासमोर निवांत बसून, हे असं का झालं असेल याचा विचार करताना. सोमवारी सकाळी तोच ट्रक शाळेच्या रांगेत हवा असेल, तर हा निवांतपणा पहिल्याच महिन्यात संपेल. तुम्ही दुरुस्ती शिकणार नाही. रविवारी रात्री मेकॅनिक शोधाल आणि तो मागेल ते द्याल. ज्यासाठी ट्रक घ्यायचा, नेमकं तेच हातून जाईल.

आता दणकट लोखंडाबद्दल. ही समजूत इतकी पसरलेली आहे, आणि इतकी चुकीची, की तिच्यावर थोडं थांबते. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली महामार्ग सुरक्षेची एक संस्था आहे, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी. तिला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, त्यांनी १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी ४० मैलांच्या वेगाने समोरासमोर, अर्ध्या बाजूने आदळवली. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाडजूड, बघणाऱ्याला रणगाडा वाटावा अशी गाडी. तिची बसायची जागाच चेपली आणि स्टिअरिंग आत घुसलं. आत बाहुल्याऐवजी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या माणसाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम चुरगळेल असं बनवलेलं असतं, ते धक्का खातं आणि माणसाभोवतीचा पिंजरा शाबूत ठेवतं. जुन्या गाडीत हा हिशेबच नव्हता. तुमचा ट्रक बेल एअरनंतर बारा वर्षांनी बनला, पण तुमच्या कॅम्रीत दहा एअरबॅग आहेत आणि त्यात एकही नाही.

आणखी एक गोष्ट त्या शेतकऱ्याने कदाचित सांगितली नसेल. या पिढीच्या एफ-१०० मध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. हो, तुमच्या पाठीला लागून. १९७२ पर्यंतच्या सी-१० मध्येही तशीच होती. आमच्या ट्रकमध्ये उन्हाळ्यात पेट्रोलचा वास यायचा, आणि पहिला उन्हाळा संपल्यावर नवऱ्याने सगळ्यात आधी टाकी मागे, हौद्याखाली चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये हलवून घेतली. तुम्ही ट्रक घेतलात, कसाही, कुठल्याही कामासाठी, तर ब्रेकनंतरचं पहिलं काम हे.

आणि मुलगी. या मुद्द्यावर मला वजन-मापं करायची नाहीत. टेक्सासच्या कायद्याने आठ वर्षांखालचं मूल, उंची चार फूट नऊ इंचांपर्यंत पोचलेली नसेल तर, मुलांच्या सीटमध्येच बसायला हवं. सहा वर्षांची मुलं बहुतेक बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या बैठकीवर, बसतात, आणि बूस्टरला कमरेचा आणि खांद्यावरचा असे दोन्ही पट्टे लागतात. जुन्या पिकअपमध्ये बहुधा कमरेपुरता पट्टा असतो, तोही असला तर. मागची सीट नाही. मुलांची सीट अडकवायचे हूक नाहीत, ते नव्या गाड्यांत सक्तीचे झाले २००२ मध्ये. खांद्याचे पट्टे नंतर बसवता येतात, पण ते नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून चालत नाही, आतून मजबुती द्यावी लागते आणि ते काम करणारा माणूस जाणता असावा लागतो. ते होईपर्यंत लेकीला या ट्रकमधून रस्त्यावर नेऊ नका, आठवड्यातून दोन दिवस तर नाहीच. मला शंका आहे की तुमच्या पत्नीच्या मनात हेच आहे. ‘चाळिशीतलं खूळ’ हे भांडणातलं वाक्य असतं. त्याच्या मागे भीती आहे का, हे तुम्ही विचारलंत का? तिला ट्रक नकोय, की लेक त्या ट्रकमध्ये नकोय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी असेल तर ती तुम्हाला आजच मान्य करता येईल.

हे वाचून वाटेल की ही बाई नाहीच म्हणणार. तसं नाहीये. इंजिन साधं असतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुमच्या ट्रकमध्ये फोर्डचं तीनशे घन इंचांचं सहा सिलिंडर असेल, तर तुम्ही एका फार चांगल्या यंत्राशी बोलणार आहात. ते १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षं बनत राहिलं. क्रँकला सात बेअरिंग, आणि कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) फिरवायला पट्टा नाही की साखळी नाही, थेट दात्यांची चाकं. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असते. ठिणगीची वेळ साधणारे काँटॅक्ट पॉइंट घासून बिघडतात, तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की एका दुपारच्या कामात अर्धी कटकट संपते. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनला ग्रीस भरणं, ड्रम उघडून लायनर (ब्रेकचा झिजणारा थर) बघणं, कार्बोरेटर साफ करणं, हे सगळं शिकता येतं, चाळिशीतही. स्टिअरिंगवरचा गिअर तर तुमच्या बाबांनी पद्मिनी आणि अॅम्बेसेडरमध्ये डोळे मिटून टाकला असेल.

म्हणून ट्रक घेऊ नका असं मी म्हणत नाही. कॅम्री विकू नका, असं म्हणते.

तुमचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे: कॅम्री दारात असली तर मी तिचीच किल्ली उचलीन. दोर कापले की माणूस लढतो, हे आपल्याला शाळेत सिंहगडाच्या धड्यापासून माहीत आहे, आणि तुम्ही तेच करू पाहताय. पण हात त्या किल्लीकडे का जातो, हेही एकदा बघा. कामाला कुठली गाडी न्यायची हे तुमच्या हाताला आधीच कळलंय. आळस म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्यापेक्षा ट्रकला त्याचा वार द्या. ज्या दिवशी मुलीला सोडायचं नसतं तो तुमचा ऑफिसचा तिसरा दिवस, आणि रविवार सकाळ. त्या दोन वेळांना कॅम्रीला हात लावायचा नाही, ऊन असो की पाऊस. बंद पडला तर पडला, एक दिवस घरून काम करता येतं. आठवड्यातून दोनदा चालणारी जुनी गाडी तब्येतीने ठीक राहते. उभी राहिली की बिघडते, हे तुम्हाला बाबाही सांगतील.

विम्याची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे, आणि बहुतेकांना ती गाडी घेतल्यावर कळते. जुन्या गाड्यांसाठी वेगळा विमा असतो, ज्यात गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी आधीच ठरवता आणि गाडी गेली तर तेवढे पैसे मिळतात. हप्ताही कमी असतो. पण त्याची साधारण अट अशी असते की घरातल्या प्रत्येक चालकाकडे रोजची वेगळी गाडी हवी, जुनी गाडी बंदिस्त जागेत ठेवायला हवी, आणि ती रोज ऑफिसला न्यायची नाही. कॅम्री विकलीत की हा विमा गेला. मग नेहमीचा विमा, आणि त्यात १९७१ च्या ट्रकची त्या दिवशीची किंमत काय, यावर तुम्हाला कंपनीशी हुज्जत घालावी लागणार. तुमच्या मधल्या वाटेत, म्हणजे आठवड्यातून एकदा ऑफिस, हे त्यांना चालतं का ते आधी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा. नंबर प्लेटचंही तसंच: टेक्सासमध्ये पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ‘अँटीक’ प्लेट मिळते, पण ती लावून गाडी फक्त प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचे कार्यक्रम अशाच कामांना नेता येते. ‘क्लासिक’ प्लेट घेतली तर नेहमीसारखी वापरता येते. नावं सारखी वाटतात, म्हणून सांगितलं.

टेक्सासने २०२५ च्या जानेवारीपासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. धुराची चाचणी काही काउंटींत चालू आहे, पण तीही चोवीस वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना. म्हणजे तुमच्या ट्रकचे ब्रेक चालतात की नाही, हे कुठलाही सरकारी माणूस कधीही बघणार नाही. लोक याला सोय म्हणतात. मला याची भीती वाटते.

पैशाचं बोलू. वर्षाला दहा हजार मैल धरले तर हा ट्रक, गॅलनला १३ मैल दिले तर, ७७० गॅलन पिईल, तुमची कॅम्री ३१० च्या आसपास. तीन डॉलरच्या भावाने फरक चौदाशे डॉलरच्या जवळ, दर वर्षी, सुट्या भागांच्या आधी. आणि उरलेले चार हजार? सहा वर्षं उभ्या गाडीची टाकी साफ करायची, रबराच्या सगळ्या नळ्या बदलायच्या, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर नवे, रेडिएटर, टायर. माझ्या अंदाजाने ते यातच संपतील. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी फसू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. टायर उभ्या उभ्याच म्हातारा होतो. शिवाय कॅम्री ठेवायची तर अकरा हजार कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. कर्ज काढून तरी आणू नका. सहा वर्षं न हललेल्या ट्रकला चालत्या ट्रकची किंमत देऊ नका, आणि व्यवहार करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला पैसे देऊन तिथे घेऊन जा. कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचा. १९८१ च्या आधीच्या गाड्यांचे नंबर आजच्यासारखे सतरा अक्षरांचे नसतात, ते बघून गडबडू नका.

आणि तुम्हाला खरोखर रोजच पिकअप चालवायचा असेल, तर एक वाट तुमच्या पत्रात नव्हती. १९८७ ते १९९६ चा फोर्ड एफ-१५०. त्यात तेच तीनशेचं इंजिन मिळतं, पण कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे माझ्यासारखी ऑगस्टची दुपार बहुधा येणार नाही. पुढे डिस्क, मागच्या चाकांना ब्रेक अडकू न देणारी यंत्रणा, तीन टोकांचे पट्टे, आणि १९९४ पासून चालकाला एअरबॅगही. कॅम्रीची बरोबरी त्याला करता येणार नाही. पण बॉनेट उघडून हात काळे करता येतात, सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होतो, आणि १९७१ च्या ट्रकपेक्षा स्वस्तात मिळायची शक्यता जास्त. त्याला रूप कमी आहे, हे मी मान्य करते. गोल बॉनेट, क्रोमची पट्टी, ती पन्नास वर्षांपूर्वीची निळी छटा, ते त्यात नाही. तुम्हाला रूप हवंय की काम, हे तुम्हीच ठरवा. रूप हवंय असं उत्तर आलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मग रूपाकडून कामाची अपेक्षा ठेवू नका.

महाराष्ट्रातूनही अशी पत्रं येतात, वडिलांची जीप किंवा आजोबांचा जुना पिकअप दारात आहे, तोच रोज वापरू का म्हणून. त्या वाचकांनो, तुमच्यासाठी दोन ओळी. २०२१ च्या जुलैपासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण ती केलीत की गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणीच ठेवा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा, हरित कर भरा. आणि तुमचा पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेला असेल तर त्याला दर वर्षी फिटनेस लागतो, हे विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. विम्याचा दावा नेमका तिथे अडतो.

आता परत इस्लामपूरला येते. तुम्ही लिहिलंय की मी कधी तिथे पाना हातात धरला नाही. ते वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. मला वाटतं, ट्रक तिथूनच सुरू होतो. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस २०१८ पासून घरी बसलाय, त्याला कुणी ब्रेकबद्दल काही विचारत नाही, आणि एक दिवस मुलगा अमेरिकेतून फोटो पाठवतो. त्याने तो फोटो किती वेळ मोठा करून पाहिला असेल? आणि मग विचारलं. तुमच्या शांततेचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, याचा विचार करा.

ट्रक घ्यायचा की नाही, हे ठरवायला अजून वेळ आहे. शेतकऱ्याकडे सहा वर्षं उभा आहे, आणखी एक महिना राहील. या शनिवारी पत्नीशी बोला, लेकीबद्दलचं आधी सांगा. मग पुढच्या शनिवारी शेतकऱ्याची परवानगी काढून मेकॅनिकला घेऊन तिकडे जा, पुढचं एक चाक उतरवा, ड्रम काढा आणि आतले फोटो काढून ठेवा: लायनर किती उरलेत, सिलिंडरला ओल आहे का, ड्रमला आतून कड पडलीय का. रात्री नऊला फोन लावा, तिकडे रविवारचे सकाळचे साडेसात झालेले असतील, बाबांचा चहा झालेला असेल. ड्रम आहेत म्हणून सांगा आणि फोटो एकेक करून दाखवा.